'गिअरबॉक्स गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

नाशिकहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानी आहे, त्यातला कामाचा भाग देतो.

"माझं वय ४८. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबणं जमत नाही, म्हणून चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली. २०१७ची, ५८ हजार किलोमीटर झालेली, ४ लाख १० हजारांना. जुन्या गाड्यांच्या एका शोरूममधून घेतली. १४० मुद्दे तपासल्याचा छापील कागद आणि 'इंजिन व गिअरबॉक्स'ची सहा महिन्यांची वॉरंटी मिळाली.

महिनाभरापासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर 'एन' (न्यूट्रल) लुकलुकतो आणि 'डी' (ड्राइव्ह) पडत नाही. दोन-तीनदा बंद-चालू केलं की पडतो. आमच्या बिल्डिंगच्या तळघराच्या रॅम्पवर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढत नाही आणि जळका वास येतो. मागच्या आठवड्यात द्वारका सर्कलला सिग्नल सुटला आणि गाडी आपोआप न्यूट्रलला गेली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. अर्ध्या तासाने चालू झाली. ड्रायव्हरकडचं दार उघडलं की बॉनेटमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. घेतली तेव्हाही यायचा. 'ऑटोमॅटिकला असतो तो, नॉर्मल आहे' असं शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं. दांडीवर पी (पार्किंग) नाही, फक्त एन, आर (रिव्हर्स), डी आणि एम (मॅन्युअल). तेही नॉर्मल आहे म्हणाले.

शोरूमच्या ठरलेल्या गॅरेजने गाडी बघितली आणि 'गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, १ लाख ४५ हजार' असं एस्टिमेट दिलं. कोपऱ्यात पेनाने 'पी०७००' लिहिलंय. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाले, 'क्लच आणि इलेक्ट्रॉनिक भाग वॉरंटीत येत नाहीत, मॅडम.' मिस्टर म्हणतात, मी आधीच सांगत होतो गिअरची घे, आता आहे तशी विकून टाक. मी पैसे घालू, की विकू? आणि माझ्या चालवण्यामुळे तर हे झालं नाही ना?"

ताई,

पैसेही घालू नका आणि विकूही नका, निदान या आठवड्यात तरी नाही. आधी एक काम करा. नेमका कुठला भाग खराब झालाय त्याचं नाव त्या गॅरेजकडून कागदावर लिहून घ्या. एवढं एक वाक्य हातात आलं की तुमची अर्धी भांडणं मिटतील. ती कशी, ते पुढे सांगतो.

गाडी न बघताही तुमच्या पत्रातून मला बरंच कळलं, कारण तुम्ही बारकाईने लिहिलंय. (गॅरेजमध्ये तीस वर्षं काढली. 'गाडी चालत नाही' याच्यापुढे एक शब्द सांगणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं भेटायचं.)

दांडीवर पी नाही, ही पहिली खूण. पी नसण्याबद्दल शोरूमवाला खरंच बोलला. आपल्याकडच्या लहान गाडीत पी नसेल तर ती जवळपास नक्की एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. २०१४च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओत ही पद्धत आणली, त्यानंतर स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांचं पेवच फुटलं. टाटा, महिंद्रा, रेनो, ह्युंदाई, सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या मॉडेलमध्ये ती दिली. एएमटीची गंमत अशी की खाली बसवलेला गिअरबॉक्स साध्या गिअरच्या गाडीतलाच असतो. दातेरी चाकं तीच, कोरडी क्लचप्लेट तीच. फक्त क्लच दाबायला तुमचा पाय नसतो आणि दांडी ढकलायला हात नसतो. ते काम गिअरबॉक्सवर बसवलेला ॲक्च्युएटर करतो आणि कधी करायचं ते टीसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. तेव्हा 'गिअरची घे' म्हणणाऱ्या मिस्टरांना सांगा, की घेतली ती गिअरचीच आहे. क्लच दाबायला एक नोकर ठेवलाय, आणि सध्या आजारी पडलाय तो नोकर.

दुसरी खूण म्हणजे तो 'घूंऽऽ'. बऱ्याच एएमटी गाड्यांत ॲक्च्युएटर तेलाच्या दाबावर चालतो. तुम्ही दार उघडलंत, म्हणजे आता बसणार, हे गाडीला कळतं आणि छोटा विजेचा पंप आधीच दाब भरून ठेवतो. तो हा आवाज. त्यामुळे 'नॉर्मल आहे' हे अर्धं खरं. रात्रभर उभ्या गाडीचं दार उघडल्यावर काही सेकंद पंप वाजला आणि थांबला, तर नॉर्मल. पण भाजी घेऊन पाच मिनिटांत परत आलात आणि पुन्हा तेवढाच वेळ वाजला, किंवा सिग्नलला उभं असताना दर थोड्या वेळाने वाजत राहिला, तर भरलेला दाब टिकत नाही. तेल कुठेतरी गळतंय, नाहीतर दाब साठवणारा डबा, ज्याला ॲक्युम्युलेटर म्हणतात, तो थकलाय. सकाळी 'एन' लुकलुकणं याच्याशी जुळतं. रात्रभरात दाब उतरलेला असतो, पंपाला दम लागतो, टीसीयू वाट बघून कंटाळतो आणि 'डी' द्यायला नकार देतो. दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर दाब भरतो आणि गाडी शहाण्यासारखी निघते.

रॅम्पवरची तक्रार मात्र वेगळी आहे. इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही, जळका वास येतो, म्हणजे क्लचप्लेट घसरतेय. अर्ध्या तासाने चालू झाली, कारण तेवढ्यात क्लच थंड झाला. म्हणजे माझ्या अंदाजाने तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे दोष आहेत, क्लच आणि दाब. आणि दोन्हीपैकी एकही गिअरबॉक्समध्ये नाही.

आता तो 'पी०७००'. पत्र वाचताना मला इथे हसू आलं. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर बिघाडाचे जे कोड येतात, त्यांपैकी हा सगळ्यात मोघम. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी तक्रार नोंदवली आहे, तपशील तिकडे विचारा. इंजिनाचा संगणक हात वर करून दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो, सरकारी कचेरीसारखं. डॉक्टरने चिठ्ठीवर 'पेशंट आजारी आहे' एवढंच लिहून खाली ऑपरेशनचा खर्च मांडावा, तसं हे एस्टिमेट आहे. दुसऱ्या खिडकीवर, म्हणजे टीसीयूत, खरा कोड असतो. क्लचच्या जागेचा, दाबाचा, ब्रेकच्या स्विचचा, जो काही असेल तो. तो वाचलाच नाही की वाचून लिहिला नाही, हे त्यांना विचारा.

वॉरंटीचा मुद्दा इथेच येतो. त्या शोरूमच्या बोलण्यातली खोच बघा. पैसे मागताना ते म्हणतात 'गिअरबॉक्स गेला' आणि वॉरंटी मागितली की म्हणतात 'क्लच आणि इलेक्ट्रॉनिक'. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. गिअरबॉक्स गेला असेल तर तो तुमच्या वॉरंटीच्या कागदावर शब्दशः छापलेला आहे, त्यांनी फुकट बदलून द्यावा. क्लच किंवा ॲक्च्युएटर गेला असेल तर गिअरबॉक्सची पूर्ण असेंब्ली बदलायचं कारण उरत नाही आणि १ लाख ४५ हजारांचं एस्टिमेट तिथेच फाटतं. म्हणून मी म्हटलं, भागाचं नाव लिहून घ्या. जे लिहितील त्यात ते अडकतील, आणि लिहायला नकार दिला तर तेही तुमच्या कामाचं.

तोंडी बोलू नका. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह एक पत्र पाठवा. भाषा साधी ठेवा: अमुक तारखेला गाडी घेतली, अमुक तारखेपासून ही लक्षणं, तुमच्या गॅरेजने अमुक रकमेचं एस्टिमेट दिलं, कुठला भाग निकामी आहे आणि टीसीयूतले कोड कोणते ते सात दिवसांत लेखी कळवा. सोबत एस्टिमेट, वॉरंटी आणि त्या १४० मुद्द्यांच्या कागदाची झेरॉक्स जोडा. सहा महिन्यांपैकी चार गेलेत. तक्रार मुदतीत केली होती हे दाखवणारा कागद असला की पुढे त्यांनी कितीही ढकललं तरी चालतं.

दुसरीकडे गाडी दाखवायची ती फक्त स्कॅनला. कुणालाही काहीही उघडू देऊ नका. एक नटबोल्ट हलला की शोरूमवाला म्हणणार, 'बाहेर उघडली, वॉरंटी रद्द.' गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या, स्कॅन आणि बॅटरी तपासणीचे पैसे भरा, कोडचा प्रिंट घ्या आणि जॉब कार्डवर तुमची लक्षणं तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. तिथेच गाडीच्या नंबरवरून जुनी सर्व्हिस हिस्टरी विचारा. आधीच्या मालकाने याच तक्रारीसाठी गाडी तिथे आणली होती असं निघालं, तर तुमचं पारडं एकदम जड होतं.

बाजारात मिळणारा हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर अनेकांकडे असतो. शेजारच्या पोराने तो लावून 'काकू, कोड गेला बघा' म्हटलं तर त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. तो स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाशीच बोलतो, टीसीयूपर्यंत पोचत नाही. वर कोड पुसला तर पुरावाच पुसला जातो. जुन्या गाड्या विकणारे काही जण टेस्ट ड्राइव्हच्या आधी नेमकं हेच करतात. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझलेला, गाडी गुळगुळीत, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळं परत. मात्र कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा इंजिनाच्या संगणकात वेगळा राहतो आणि चांगल्या स्कॅनरवर दिसतो. ५८ हजार चाललेली गाडी आणि 'कोड पुसल्यापासून १४ किलोमीटर' असं दिसलं, तर मी त्या गाडीकडे पाठ फिरवतो. बॅटरी काढल्यानेही तो आकडा शून्यावर येतो हे खरं, पण मग बॅटरी नेमकी काल का काढली, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहेच.

मोठ्या खर्चाचं ऐकण्याआधी दोन स्वस्त शक्यता घरीच बघून टाका. एक, बॅटरी. एएमटीचा पंप वीज खातो आणि टीसीयू कमी व्होल्टेजला फार नाजूक असतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. बारापर्यंत उतरली असेल तर लुकलुकणारा 'एन' निम्मा तिचा असू शकतो. बॅटरी २०१७चीच असेल तर विचारायलाच नको. दोन, ब्रेकचा स्विच. या गाड्यांत ब्रेक दाबल्याचं गाडीला कळल्याशिवाय 'डी' पडत नाही, आणि ते कळवतो पेडलवरचा काही शे रुपयांचा स्विच. रात्री गाडी पार्किंगच्या भिंतीला पाठ करून उभी करा आणि ब्रेक दहा वेळा दाबा. भिंतीवर लाल उजेड दहाही वेळा पडला पाहिजे. आठ वेळा पडला तर चोर सापडला. या स्विचपायी लोकांना ॲक्च्युएटरचं बिल भरताना मी पाहिलंय.

क्लचची खातरजमा सपाट, रिकाम्या रस्त्यावर होते. 'एम'मध्ये चौथा गिअर, ताशी चाळीसचा वेग, आणि रेस हळूहळू वाढवायची. इंजिनाचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच संपलाय. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

खर्चाचं म्हणाल तर लहान हॅचबॅकचा क्लच सेट, म्हणजे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, मजुरीसकट साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो, मॉडेलप्रमाणे थोडं मागेपुढे. ॲक्च्युएटर पूर्ण बदलला तर पन्नास हजारांच्या आसपास धक्का बसतो, पण नुसती गळती, सील किंवा ॲक्युम्युलेटर असेल तर तितकं लागत नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुना ॲक्च्युएटर मिळतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी तुमच्या जागी असतो तर जुना घेतला नसता. तोही कुठल्यातरी गाडीतून असाच निघालेला असतो, आणि किती थकलाय ते बसवल्यावरच कळतं.

क्लच कुणीही बदलो, काम देण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: 'बसवल्यावर स्कॅनरवर क्लच लर्निंग करता का?' नवी प्लेट जाड असते. ती नेमकी कुठे पकड घेते हे टीसीयूला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर गाडी प्रत्येक गिअरला मान हलवत चालते. 'चालवता चालवता आपोआप शिकते' असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. दुसरी गफलत तेलाची. ॲक्च्युएटरचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं की नवा खर्च उभा राहतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर. थोडा वाटा तुमचाही असू शकतो. तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की वॉचमन गेट उघडेपर्यंत तुम्ही रॅम्पवर 'थोडी रेस देऊन' गाडी धरून ठेवता. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, तिला हे थोडंफार चालतं. तुमच्या गाडीत त्या वेळी कोरडा क्लच अर्धवट पकडीत घासत असतो. दोन मिनिटं असं धरणं म्हणजे चुलीवर रिकामा तवा ठेवण्यासारखं. रॅम्पवर हँडब्रेक ओढायचा, गेट पूर्ण उघडल्यावर रेस द्यायची आणि गाडी ओढ घेते असं जाणवलं की हँडब्रेक सोडायचा. ट्रॅफिकमध्येही इंच-इंच सरकू नका. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

पण सगळा दोष अंगावर घेऊ नका. धडधाकट क्लच चार महिन्यांत रॅम्पवर पूर्ण संपत नाही, तो आधीच बराच झिजलेला असणार. आणि दाब उतरण्याशी तुमच्या चालवण्याचा काही संबंध नाही. तो आवाज गाडी घेतली तेव्हापासून आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

शोरूमने पत्राला दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुन्या वस्तूंना वगळलेलं नाही. विक्री हा ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून पैसे देऊन घेतलेल्या जुन्या गाडीचा दोषही तिथे मांडता येतो. पुरेशी तपासणी न करता वॉरंटी देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, म्हणून तो १४० मुद्द्यांचा कागद जपून ठेवा. गिअरबॉक्ससमोर 'ओके'ची खूण कुणी आणि कशाच्या जोरावर केली, हे त्यांना सांगावं लागेल. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधीकधी तेवढ्यानेच फोन येतो. आयोगात वेळ लागतो, हेही मनात धरा. दोन-तीन तारखांनी वैतागणारा स्वभाव असेल तर शोरूमशी खर्च वाटून घेऊन तडजोड करणंही शहाणपणाचं. माझ्या मते क्लच तुमचा आणि ॲक्च्युएटर त्यांचा, ही वाटणी रास्त होईल. तिथून बोलणी सुरू करा.

ओळखीच्या माणसाकडून, थेट मालकाकडून गाडी घेणाऱ्यांना हा रस्ता नाही. तो व्यापारी नसतो. तिथे फसवणूक झाल्याचं दिवाणी न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. वाहन विम्यातूनही यातलं काही मिळत नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

विकण्याबद्दल मिस्टरांना हे वाचून दाखवा. दोष सांगून विकलीत तर गिऱ्हाईक एस्टिमेटच्या आकड्याएवढी, म्हणजे दीड लाखाची किंमत पाडणार, आणि खरा खर्च त्याच्या निम्माही नसेल. न सांगता विकायची, तर सकाळी लुकलुकणारा 'एन' लपवायला कोड पुसावा लागेल. नुसतं गप्प बसणं वेगळं आणि माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला भारतीय करार कायद्यात कपट म्हणतात. तुमच्या बाबतीत जे झाल्याचा तुम्हाला संशय आहे, तेच तुम्ही पुढच्याला कराल. दुरुस्त करा आणि वापरा. गुडघ्याला ऑटोमॅटिक हवीच आहे, आणि नवा क्लच, नीट झालेला ॲक्च्युएटर असलेली २०१७ची गाडी ही बाजारातल्या अनोळखी २०१७च्या गाडीपेक्षा बरी.

इतर वाचकांसाठी एक थांबा घेतो, कारण 'माझ्याही ऑटोमॅटिकला हेच झालंय' अशी पत्रं आता येतील. आधी तुमची ऑटोमॅटिक कुठली ते बघा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत तेलाचा रंग आणि वास बोलतो. लालसर, स्वच्छ तेल असेल तर आशा ठेवा. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या जळताहेत. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रांगत असेल तर तिने स्वतःला वाचवायला तसं केलेलं असतं. रेस देऊन झगडू नका. सीव्हीटीत दातेरी गिअरच्या पायऱ्या नसतात, पोलादी पट्टा दोन पुलींवर सरकतो, आणि तिचा जीव तेलात असतो. माझ्या भाच्याच्या सीव्हीटीत एका गॅरेजने दुसऱ्या ऑटोमॅटिकचं तेल ओतलं, 'सगळं एकच असतं' म्हणून. दोन महिन्यांत गाडी थरथरायला लागली आणि अख्खा गिअरबॉक्स खरंच बदलावा लागला. तिथे 'गिअरबॉक्स गेला' हे वाक्य खरं होतं. कोरड्या दुहेरी क्लचच्या गाड्या, डीसीटी म्हणतात त्या, शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. त्यांचा मेकाट्रॉनिक भाग, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा संगणकी संच, गेला तर बिल पाहून बसावं लागतं. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर मात्र कुठल्याच प्रकारात विसंबू नका. ते लाइफ कुणाचं, हे कुणी सांगत नाही.

ताई, निकाल लागेपर्यंत कसारा घाटाच्या वाटेला जाऊ नका, शाळेपुरती सपाट रस्त्याने न्या. तळघरात गाडी ठेवू नका, वर रस्त्यालगत सपाट जागा बघा. पी नसलेली गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची पद्धत बरोबर आहे, पण सध्या ती पाळू नका. दाब नसताना गाडी गिअरमध्ये अडकली तर हलवता येणार नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पुढच्या-मागच्या चाकाला एकेक वीट. रस्त्यात बंद पडलीच तर टोइंगवाल्याला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, आणायला सांगा. दोरी बांधून ओढू देऊ नका.

आणि एक काम आजच रात्री करा. जेवणं झाल्यावर खाली जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा, तारीख-वेळ तोंडाने बोला आणि ड्रायव्हरचं दार उघडा. पंप थांबेपर्यंत रेकॉर्ड करा. दार लावा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा उघडा. दोन्ही वेळा तो किती सेकंद वाजला ते मला कळवा आणि रेकॉर्डिंग शोरूमच्या ईमेलला जोडा. एकदा ॲक्च्युएटर दुरुस्त झाला की तो लांबलचक 'घूंऽऽ' पुन्हा ऐकायला मिळणार नाही.